धागा थांबविण्याची रीत : सोलापूरचा माग, जुनी गिरणी आणि सर्व्हर प्रोग्रामचे सुरक्षित समापन – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सोलापूर हे धाग्याचे शहर होय. १८७७ मध्ये येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे तीच 'जुनी गिरणी' या नावाने ओळखली जाऊ लागली. गिरण्यांचा काळ ओसरल्यानंतरही यंत्रमाग, चादर आणि टॉवेल यांच्यामुळे या शहराचे धाग्याशी असलेले नाते टिकून राहिले. संगणकशास्त्रातही 'धागा' ही संज्ञा रूढ आहे. एकाच प्रोग्रामच्या अंतर्गत स्वतंत्रपणे पुढे सरकणाऱ्या कामाच्या प्रवाहास इंग्रजीत 'थ्रेड' म्हणतात. बँकेचा, रेल्वे आरक्षणाचा किंवा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचा सर्व्हर चालू असताना समोर दिसणाऱ्या कामाच्या मागे असे अनेक धागे अबोलपणे राबत असतात. कोणी नोंदवहीत नोंदी उतरवितो, कोणी साठलेली माहिती डिस्कवर लिहितो, तर कोणी ठरावीक वेळाने जुन्या नोंदी साफ करतो.

हे धागे सुरू कसे करावेत याचे विवेचन विपुल आढळते. तथापि सर्व्हर बंद करण्याची वेळ आली असता ते थांबवावेत कसे, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः नुकसान होते ते बहुधा याच क्षणी. एका खात्यातून रक्कम वजा झाली आहे, दुसऱ्या खात्यात ती जमा व्हावयाची आहे आणि नेमक्या त्या मधल्या क्षणी धागा तोडला गेला, तर हिशेबाची वही खोटी ठरते. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, थांबविण्याची शिस्त ही संगणकाच्या पूर्वीपासून यंत्रयुगाला परिचित होती, हे सोलापूरच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. मागाच्या यंत्ररचनेत 'सुरक्षित थांबणे' ही कल्पना कशी विकसित झाली, ते पाहणे.
२. १९४९-५० मधील जुन्या गिरणीच्या प्रकरणाच्या आधारे 'थांबविण्याचा अधिकार कोणाचा' या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. संगणकीय धागे थांबविण्याच्या पद्धतींचा १९६० च्या दशकापासून आजपर्यंतचा विकासक्रम मांडणे.
४. या इतिहासातून आजच्या अध्यापनास व व्यवहारास उपयुक्त निष्कर्ष काढणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा :

सदर अभ्यासासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे. तुलना ही केवळ रचनेच्या पातळीवरची आहे. संगणकीय धाग्याला पोट नसते, गिरणी कामगाराला असते. म्हणून गिरणी बंद पडणे आणि प्रोग्राम बंद होणे या घटना मानवी दृष्ट्या एकाच मोलाच्या आहेत, असे येथे सुचवावयाचे नाही.

विषय विवेचन :

१) मागाचे थांबणे

जुन्या पद्धतीच्या गिरणीत एका वाफेच्या इंजिनाची शक्ती लांबच लांब फिरत्या दांड्यामार्फत व चामड्याच्या पट्ट्यांमार्फत शेकडो यंत्रांपर्यंत पोहोचत असे. प्रत्येक मागाजवळ दोन चाके असत. एक मागाला जखडलेले, तर दुसरे मोकळे फिरणारे. पट्टा जखडलेल्या चाकावरून मोकळ्या चाकावर सरकविला की इंजिन चालूच राहून तो एक माग थांबे. म्हणजेच संपूर्ण गिरणी न थांबविता एक घटक थांबविण्याची सोय यंत्ररचनेतच केलेली होती.

परंतु माग कोणत्याही क्षणी थांबवून चालत नाही. धोटा एका पेटीतून निघून ताण्याच्या उघडलेल्या धाग्यांमधून दुसऱ्या पेटीत जातो. तो वाटेत अडकला असताना फणी पुढे आली, तर ताण्याचे असंख्य धागे एकदम तुटतात. ते पुन्हा सांधण्यात विणकराचा कितीतरी वेळ जातो. यासाठी धोटा वेळेवर पेटीत पोहोचला नाही, तर फणी आदळण्यापूर्वीच माग बंद पाडणारी योजना यंत्रमागावर असे. भलत्या जागी थांबलेला माग पुन्हा सुरू केल्यास कापडावर विरळ किंवा दाट पट्टीही उमटते. सुरक्षित थांबण्याची जागा एकच. ती म्हणजे धोटा पेटीत असतानाची.

थांबण्याचे कारण यंत्राने स्वतः ओळखणे ही पुढची पायरी होती. १८४० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथे केनवर्दी व बुलो यांनी बाण्याचा धागा तुटताच माग थांबविणारी योजना प्रचारात आणली. लँकेशायर मागाच्या यशात तिचा मोठा वाटा आहे. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग धागा तुटल्यास आपणहून थांबत असे. १९२९ मध्ये त्याचे हक्क ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने घेतले. दोष दिसताच आपणहून थांबण्याचे हे तत्त्व पुढे टोयोटा मोटार कारखान्याच्या उत्पादनपद्धतीचा एक आधारस्तंभ ठरले.

या इतिहासातून तीन गोष्टी हाती येतात. थांबविण्याची सोय चालविण्याच्या रचनेतच असावी लागते, थांबण्याच्या सुरक्षित जागा निश्चित असाव्या लागतात, आणि ज्याला थांबावयाचे आहे त्यालाच ती जागा उत्तम कळते.

२) जुनी गिरणी : थांबविण्याचा अधिकार कोणाचा?

यंत्र थांबविण्याची रीत यंत्रशास्त्र सांगते, परंतु ते थांबविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न यंत्रशास्त्राच्या बाहेरचा आहे. सोलापूरच्या इतिहासात तो अत्यंत तीव्रतेने पुढे आला. 'शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी'च्या संचालकांनी २७ जुलै १९४९ रोजी गिरणी बंद करण्याची सूचना कामगारांना दिली आणि त्यानुसार २७ ऑगस्ट १९४९ रोजी गिरणी बंद झाली. सूचना व प्रत्यक्ष बंद यांमध्ये एक महिन्याचे अंतर होते. म्हणजे औपचारिक दृष्ट्या हा 'पूर्वसूचनेसह' केलेला बंद होता. तरीही त्यातून हजारो कुटुंबांचा प्रश्न सुटणारा नव्हता.

त्यानंतर शासनाने हस्तक्षेप केला. ९ जानेवारी १९५० रोजी केंद्र शासनाने या एका कंपनीसाठी स्वतंत्र अध्यादेश काढला. गैरव्यवस्थापनामुळे जीवनावश्यक वस्तूच्या उत्पादनास बाध आला असून समाजाच्या एका वर्गात गंभीर बेकारी निर्माण झाली आहे, अशी त्यामागील भूमिका होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अध्यादेशाची जागा संसदेच्या कायद्याने घेतली. गिरणीचा कारभार शासननियुक्त संचालकांकडे गेला आणि भागधारकांचा संचालक नेमण्याचा, तसेच कंपनी गुंडाळण्यासाठी अर्ज करण्याचा हक्क स्थगित झाला. थोडक्यात, गिरणी थांबविण्याची किल्ली मालकांकडून काढून घेण्यात आली.

याविरुद्ध चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ४ डिसेंबर १९५० रोजी न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ही याचिका फेटाळली. न्या. पतंजली शास्त्री व न्या. एस. आर. दास यांनी भिन्नमत नोंदविले. मात्र शासननियुक्त संचालकांनी अंशतः भरणा झालेल्या प्रत्येक अग्रहक्क भागावर उरलेले ५० रुपये मागितले, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाने दावा दाखल केला. १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. भरपाई न देता मालमत्तेपासून वंचित करणे घटनेच्या तत्कालीन ३१ व्या अनुच्छेदाशी विसंगत आहे, असे न्यायालयाचे मत पडले. भारतीय घटनात्मक कायद्याच्या अभ्यासात हे दोन्ही निवाडे आजही शिकविले जातात.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या प्रकरणाचे मर्म असे की, चालत्या व्यवस्थेत ज्यांचे काम अर्धवट आहे अशा अनेकांचे हितसंबंध गुंतलेले असतात. म्हणून एखाद्याने सूचना देऊन मुदत संपताच कुलूप लावले, एवढ्याने तो बंद सुव्यवस्थित ठरत नाही. थांबविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, मुदतीत अपुऱ्या कामांचे काय करावयाचे आहे आणि मुदत संपल्यावर उरलेले कोणाच्या माथी पडणार आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी ठरलेली असावी लागतात. हेच तीन प्रश्न संगणकीय धाग्यांच्या बाबतीत नव्याने उभे राहिले.

३) पार्श्वभूमीवरील कामाचा उदय

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील 'मॅक' प्रकल्पात १९६३ च्या सुमारास पार्श्वभूमीवर अखंड चालणाऱ्या प्रोग्रामना 'डीमन' हे नाव मिळाले. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या काल्पनिक दूतावरून ते घेतले होते. 'थ्रेड' ही संज्ञा व्हिक्टर विसोत्स्की यांची असल्याचा उल्लेख जेरोम सॉल्ट्झर यांच्या १९६६ च्या प्रबंधात आढळतो. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये परस्परसहकार्याने चालणाऱ्या प्रक्रियांची मांडणी केली आणि सामाईक वस्तूला एका वेळी एकानेच हात लावावा यासाठी 'सेमाफोर' ही योजना दिली. या कुलपाच्या कल्पनेतच थांबविण्याच्या प्रश्नाचे बीज होते. कुलूप लावून आत गेलेला धागा आतच मेला, तर दार उघडणार कोण?

१९६९ पासून बेल प्रयोगशाळेत आकारास आलेल्या युनिक्स प्रणालीत प्रश्नाचे दुसरे अंग दिसते. वेगासाठी ही प्रणाली लिहावयाची माहिती काही काळ स्मृतीतच ठेवीत असे आणि एक पार्श्वभूमी प्रोग्राम दर ३० सेकंदांनी ती डिस्कवर उतरवीत असे. त्याआधीच वीज गेली तर फाइलींची रचना बिघडे. म्हणून यंत्र बंद करण्यापूर्वी 'सिंक' ही आज्ञा तीनदा द्यावी, असा संकेत जुन्या प्रशासकांमध्ये पडला. तीनदा देण्यात मंत्रशक्ती नव्हती. आज्ञा टंकण्यात जाणारा वेळ लेखन पूर्ण होण्यास उपयोगी पडे, एवढेच.

४) विनंती आणि सक्ती : सिग्नलची परंपरा

१९७९ मध्ये आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत प्रोग्राम थांबविण्याच्या दोन पातळ्या स्पष्ट दिसतात. १५ क्रमांकाचा 'सिगटर्म' हा सिग्नल विनंतीच्या स्वरूपाचा आहे. प्रोग्राम तो ऐकू शकतो, आवराआवर करू शकतो आणि मग थांबू शकतो. ९ क्रमांकाचा 'सिगकिल' मात्र प्रोग्रामला ऐकूही येत नाही. प्रणाली त्याला थेट संपविते. आधी विनंती, मग मुदत, आणि मुदतीनंतर सक्ती हा क्रम पुढे सर्वमान्य झाला. आजच्या कुबरनेटीस या व्यवस्थेतही प्रथम 'सिगटर्म' दिला जातो, सामान्यतः ३० सेकंद वाट पाहिली जाते आणि त्यानंतर 'सिगकिल' दिला जातो. डॉकरमध्ये ही मुदत सामान्यतः १० सेकंदांची असते.

येथे एक सूक्ष्म अडचण आहे. सिग्नल प्रोग्रामला कोणत्याही क्षणी गाठतो, अगदी धोटा वाटेत असतानाही. म्हणून सिग्नल हाताळणाऱ्या भागात प्रत्यक्ष आवराआवर करू नये, तर 'थांबावयाचे आहे' अशी एक खूण तेवढी करावी आणि उरलेले काम मुख्य प्रवाहाने सुरक्षित जागी पोहोचल्यावर करावे, अशी शिस्त रूढ झाली.

५) धागा तोडण्याचे प्रयोग आणि माघार

स्वतंत्र प्रक्रिया सक्तीने संपविली तर तिची स्मृती प्रणाली परत घेते व शेजारच्या प्रक्रियांना सहसा धक्का लागत नाही. धाग्यांचे तसे नाही. एकाच प्रोग्रामचे सर्व धागे एकच स्मृती वापरतात. त्यांपैकी एक मध्येच तोडला तर त्याने लावलेली कुलुपे आणि अर्धवट बदललेली माहिती मागे राहते व उरलेले धागे तीच वापरत राहतात. एका घरातील माणूस तिजोरी उघडी टाकून नाहीसा व्हावा, तसा हा प्रकार होय.

हे ओळखून अँड्र्यू बिरेल यांनी १९८९ मध्ये लिहिलेल्या धागेविषयक प्रसिद्ध परिचयात दुसऱ्या धाग्याला केवळ इशारा देण्याची पद्धत वर्णिली. १९९५ च्या 'पॉझिक्स' मानकाने धागा रद्द करण्याची सोय दिली, परंतु सामान्य स्थितीत ती 'रद्दीकरण-बिंदूं'वरच अमलात येईल असे ठरविले. शिवाय जाण्यापूर्वी करावयाच्या आवराआवरीची यादी नोंदविण्याची सोयही दिली. धोटा पेटीत असतानाच माग थांबवावा, या नियमाचेच हे संगणकीय रूप म्हणता येईल. विंडोज एनटी प्रणालीत धागा सक्तीने संपविणारी सोय ठेवण्यात आली, मात्र ती अत्यंत अपवादात्मक परिस्थितीतच वापरावी, असा इशारा तिच्या अधिकृत माहितीतच दिला आहे.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण जावा या भाषेचे आहे. १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत धागा थांबविण्यासाठी 'स्टॉप' ही सोपी सोय होती. तिच्यामुळे थांबणाऱ्या धाग्याची सर्व कुलुपे तत्काळ सुटत. वरवर हे हिताचे वाटते. परंतु कुलूप सुटले म्हणजे आतील काम पूर्ण झाले असे नव्हे. अर्धवट बदललेली माहिती इतर धाग्यांना उघडी पडे आणि बिघाड बऱ्याच वेळाने भलत्याच ठिकाणी प्रकट होई. याउलट 'सस्पेंड' या सोयीने धागा कुलपासकट गोठे व इतर धागे कायमचे ताटकळत. डिसेंबर १९९८ मधील १.२ या आवृत्तीत दोन्ही सोयी त्याज्य ठरविण्यात आल्या. २००४ मधील पाचव्या आवृत्तीत डग ली यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला समवर्ती कामांचा संच आला. त्यात नवे काम घेणे थांबविणे, चालू कामांना इशारा देणे आणि ठरावीक मुदतीपर्यंत वाट पाहणे या तीन क्रिया वेगवेगळ्या ठेवल्या गेल्या. मार्च २०२३ मधील विसाव्या आवृत्तीपासून 'स्टॉप' ही आज्ञा काहीही न थांबविता केवळ त्रुटी दाखविते. एक चुकीची सोय प्रत्यक्षात निरुपयोगी करण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागली. जुने प्रोग्राम तिच्यावर विसंबून असतात, त्यामुळे चुकीची सोय देणे सोपे असले तरी ती काढून घेणे कठीण जाते.

इतर भाषांचा प्रवासही त्याच दिशेने झाला. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये २०१० च्या चौथ्या आवृत्तीत रद्दीकरणाचे 'टोकन' आले आणि पुढील डॉट नेट कोअरमध्ये धागा सक्तीने तोडण्याची सोय नाकारण्यात आली. 'गो' भाषेत २०१६ मध्ये 'कॉन्टेक्स्ट' हा संच मानक ग्रंथालयात आला आणि २०१७ मध्ये वेब सर्व्हर सावकाश बंद करण्याची सोय मिळाली. सी प्लस प्लसच्या २०११ च्या मानकात धाग्याची वाट न पाहता त्याची वस्तू नष्ट केल्यास संपूर्ण प्रोग्रामच कोसळे. २०२० च्या मानकाने आपणहून इशारा देऊन वाट पाहणारा धागा दिला. वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळ्या वेळी केलेल्या या दुरुस्त्यांचा सारांश एकच आहे. धागा बाहेरून तोडू नये, त्याला थांबण्यास सांगावे आणि तो थांबेपर्यंत थांबावे.

६) सुव्यवस्थित समापनाचा क्रम

वरील इतिहासातून सर्व्हर बंद करण्याचा जो क्रम सिद्ध झाला आहे, तो पुढीलप्रमाणे सांगता येईल.

प्रथम नवीन काम घेणे थांबवावे. दार उघडे ठेवून घर आवरता येत नाही. नंतर सर्व पार्श्वभूमी धाग्यांना थांबण्याची खूण द्यावी. ही खूण सर्व धाग्यांना निश्चितपणे दिसेल अशा रीतीने ठेवणे आवश्यक असते. आधुनिक संगणकात एका धाग्याने केलेला बदल दुसऱ्याला लगेच दिसेलच असे नाही, आणि साध्या खुणेवर विसंबलेला धागा कधी कधी अनंत काळ चालत राहतो. तिसरी गोष्ट म्हणजे झोपलेल्या धाग्यांना जागे करावे. रांगेत काम येण्याची किंवा जाळ्यावरून संदेश येण्याची वाट पाहणारा धागा खूण पाहावयास उठतच नाही. त्याला इशारा देऊन, त्याची जोडणी बंद करून किंवा रांगेत 'हे शेवटचे' असे विशेष काम टाकून उठवावे लागते.

चौथे, हाती घेतलेले काम पूर्ण करावे किंवा ते पूर्ववत करून परत रांगेत ठेवावे. अर्धवट मात्र टाकू नये. पाचवे, प्रत्येक धागा प्रत्यक्ष थांबल्याची खात्री होईपर्यंत वाट पाहावी, परंतु या प्रतीक्षेस मुदत असावी. सहावे, धागे ज्या साधनांवर अवलंबून आहेत ती साधने सर्वांत शेवटी बंद करावीत. नोंदी लिहिणारा धागा आधी थांबविला तर इतरांचे शेवटचे शब्द हरवतात. माहितीकोशाची जोडणी आधी तोडली तर काम पूर्ण करू पाहणारा धागा उघड्यावर पडतो. म्हणून सुरू करण्याचा जो क्रम, त्याच्या उलट क्रमाने बंद करणे हा सर्वसाधारण नियम ठरतो.

अधिकाराचा प्रश्नही येथेच सुटतो. ज्या घटकाने धागा निर्माण केला त्यानेच तो थांबवावा, असा संकेत आता मान्य आहे. जावामध्ये काही धाग्यांना 'डीमन' ठरविता येते. मुख्य काम संपताच प्रणाली त्यांची वाट न पाहता बंद होते व त्यांना आवराआवरीची संधी मिळत नाही. धागा डीमन ठरविणे म्हणजे त्याच्या समाप्तीची जबाबदारी कोणीही न घेणे होय. ज्या कामात काही गमावण्यासारखे नाही, तेथेच ते योग्य ठरते.

७) प्रतिपक्ष : कोसळणे गृहीत धरणारी रचना

या सर्व शिस्तीवर एक गंभीर आक्षेप आहे. वीज जाणे, यंत्र बिघडणे किंवा 'सिगकिल' मिळणे हे कोणत्याही क्षणी घडू शकते. तेव्हा सुव्यवस्थित समापनावर विसंबणे हाच धोका नव्हे काय? स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉर्ज कँडिया व आर्मांडो फॉक्स यांनी २००३ मध्ये हीच भूमिका मांडली. प्रोग्राम बंद करण्याचा मार्ग एकच असावा, तो म्हणजे कोसळणे, आणि सुरू होण्याचा मार्गही एकच असावा, तो म्हणजे सावरणे, असे त्यांचे प्रतिपादन होते. माहितीकोशांच्या क्षेत्रात या विचाराचा पाया आधीच घातला गेला होता. सी. मोहन व त्यांच्या आयबीएममधील सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एरीज' पद्धतीत प्रत्यक्ष बदलाआधी त्याची नोंद लिहिली जाते आणि कोसळल्यानंतर त्या नोंदींवरून अपुरे व्यवहार पूर्ववत केले जातात.

महाराष्ट्रातील वाचकाला या आक्षेपाचे वजन वेगळे सांगावयास नको. २००५ नंतरच्या वर्षांत भारनियमनाचा अनुभव राज्यातील बहुतेक शहरांनी व खेड्यांनी घेतला. यंत्रमागावर वीज जाताच धोटा जेथे असेल तेथे राही. संगणकावर यूपीएसच्या घटामुळे काही मिनिटांची उसंत मिळे आणि त्या काही मिनिटांत सर्व्हर रीतसर बंद करणे हाच त्या घटाचा खरा उपयोग होता. घट संपेपर्यंत काम रेटीत राहणाऱ्यास त्या मुदतीचा लाभ होत नसे.

तथापि हे दोन विचार परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. पोस्टग्रेस या माहितीकोशात बंद करण्याच्या तीन रीती आहेत. पहिलीत सर्व ग्राहक आपणहून जाईपर्यंत वाट पाहिली जाते, दुसरीत चालू व्यवहार मागे फिरवून रीतसर बंद केले जाते, आणि तिसरीत तत्काळ थांबून पुढील वेळी नोंदींवरून सावरले जाते. सावरण्याची क्षमता हा विमा आहे आणि सुव्यवस्थित समापन ही रोजची रीत. विमा उतरविला म्हणून कोणी दिवा पेटता ठेवून झोपत नाही. शिवाय सावरण्यास वेळ लागतो, ग्राहकाचे चालू काम तुटते, आणि माहितीकोशाबाहेरच्या गोष्टी, उदाहरणार्थ पाठविलेला संदेश किंवा छापलेली पावती, नोंदीवरून परत घेता येत नाहीत.

आपल्या व्यवहारात या रोजच्या रीतीची उदाहरणे आहेत. रेल्वेची ऑनलाइन आरक्षण सेवा रात्री पावणेबाराच्या सुमारास काही काळ बंद ठेवण्याची प्रथा प्रवाशांच्या परिचयाची आहे. बँकेत दिवसअखेरीची प्रक्रिया पूर्ण झाल्याखेरीज दुसरा दिवस उघडत नाही. संगणक येण्यापूर्वीही रोखपाल ग्राहकांसाठी खिडकी बंद करी, हातातील चलने पुरी करी, रोकड जुळवी आणि मगच तिजोरीला कुलूप लावी. वर सांगितलेला क्रम त्याच्या अंगवळणी पडलेला होता.

निष्कर्ष :

१. 'सुरक्षित थांबणे' ही कल्पना संगणकाने निर्माण केलेली नाही. मागाच्या यंत्ररचनेत ती एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाली होती.
२. धागा बाहेरून सक्तीने तोडण्याची सोय ज्या प्रमुख प्रणालींनी दिली, त्यांनी तिच्याविषयी इशारा दिला किंवा ती काढून घेतली. इशारा, सहकार्य व प्रतीक्षा हीच पद्धत टिकली.
३. सूचना व मुदत पुरेशी नसते. थांबविण्याचा अधिकार, अपुऱ्या कामाची व्यवस्था आणि मुदतीनंतरची जबाबदारी या तिन्ही गोष्टी आधी ठरलेल्या असाव्या लागतात. १९४९ च्या जुन्या गिरणीच्या बंदातून हेच दिसून येते.
४. कोसळल्यानंतर सावरण्याची क्षमता सुव्यवस्थित समापनाला पर्याय नसून पूरक आहे.
५. समवर्ती प्रोग्रामिंगच्या अध्यापनात धागा निर्माण करण्याच्या पाठासोबतच तो थांबविण्याचा पाठ दिला जावा. विद्यार्थ्याने लिहिलेला सर्व्हर प्रोग्राम सुरू होतो की नाही एवढेच न पाहता, काम चालू असताना बंद केल्यावर एकही नोंद अर्धवट राहत नाही ना, याचीही परीक्षा प्रात्यक्षिकात व्हावी.

समारोप :

व्यवस्था उभारणाऱ्याचे कौतुक होते, ती नीट बंद करणाऱ्याचे क्वचितच होते. नीट बंद झालेल्या सर्व्हरची बातमी होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खातेदाराची शिल्लक बरोबर निघते, इतकाच त्याचा पुरावा असतो. गिरण्यांच्या थांबण्याची किंमत ज्या शहराने मोजली आहे, त्या शहरातील संगणक-अभ्यासकांनी या दुर्लक्षित विषयाकडे अधिक लक्ष द्यावे, अशी अपेक्षा या निमित्ताने व्यक्त करावीशी वाटते.